मधल्याला कुणी मारलं

"तीन आठवडे. फार तर चार," डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, मिस्त्रींच्या खांद्यावर दोन सेकंद हात ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. लिफ्टमिस्त्री म्हणून सारी हयात घालवलेले मिस्त्री तो आकडा घेऊन वॉर्डात आले. बाई कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या. उघडे असते तरी फरक पडणार नव्हता. साखरेनं दोन्ही डोळे चार वर्षांपूर्वीच नेले होते आणि आता मूत्रपिंडं घेऊन चालली होती.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"बरं वाटेल म्हणाले. घरी न्या म्हणाले."

"किती आठवडे?"

मिस्त्रींनी उत्तरासाठी श्वास घेतला. बाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. खोटं बोलायच्या आधी माणूस श्वास कसा घेतो हे त्यांना तारेच्या दुसऱ्या टोकाला बसून कळायचं. इथं तर नवरा हातभर अंतरावर उभा होता.

"बरं, राहू दे," त्या म्हणाल्या. "शेवटचा भाग आला का लायब्ररीत? म्हाताऱ्याला कुणी मारलं ते कळल्याशिवाय मी काही हलत नाही. ते एकदा कळलं की मी मोकळी."

मिस्त्रींपुढं बायको जाणार हे संकट आधीच होतं. हे दुसरं, आणि ते त्यांचं त्यांनीच तयार केलेलं होतं.

शेवटचा भाग म्हणजे 'पाच किल्ल्या' या कादंबरीमालेचा पाचवा भाग. लाकडाच्या वखारीचा म्हातारा मालक पहिल्याच प्रकरणात डोक्यात ओंडका पडून मरतो. ओंडका पडला की कुणी पाडला, हे गुपित. मागं उरतात पाच भावंडं, एक लोखंडी कपाट आणि प्रत्येकाकडं त्याची एकेक किल्ली. पाचही किल्ल्या लागल्याशिवाय कपाट उघडत नाही आणि पाचही भावंडं कधी एकत्र येत नाहीत. दर भागात एका भावंडाचं प्रेम जमायचं, त्याच्यावर जीवघेणा हल्ला व्हायचा, शेवटच्या पानावर लग्न लागायचं आणि खुनाचा एक धागा हाती यायचा. लेखिका वर्षाला एक भाग काढायची. बाईंची दृष्टी गेली त्या वर्षी पहिला आला आणि तेव्हापासून रोज दुपारी दोन ते तीन मिस्त्री वाचायचे, बाई ऐकायच्या.

मिस्त्री खून झकास वाचायचे. हल्ला, पाठलाग, रक्त, काही अडचण नसायची. घोडं अडायचं ते प्रेमापाशी. खोलीची खिडकी उघडी, समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालतेय आणि आपण मोठ्यानं "प्रिये" म्हणायचं हे त्यांच्यानं होत नसे. मग ते म्हणायचे, "इथं दोघं थोडा वेळ बोलले," चार पानं एकदम उलटायचे आणि पानांचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून खोकायचे. पहिले दोन भाग अशा खोकल्यावर निभावले.

तिसऱ्या भागानं घात केला. तो भाग खरं तर धाकट्या बहिणीचा, पण तिच्या गोष्टीत मधला भाऊ आजारी पडून सहाव्या मजल्यावरच्या वॉर्डात दाखल झाला आणि तिथल्या नर्सच्या प्रेमात पडला. पडला तो उठेचना. मिस्त्रींनी सवयीनं चार पानं उलटली, मधला बोलतच होता. आणखी दहा उलटली, तरी बोलतच होता. तो नर्सला म्हणत होता, "तुझा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही." मिस्त्रींनी चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला "चहा टाकतेस का?" याच्यापलीकडं काही म्हटलं नव्हतं. ते त्या वाक्यापाशीच थांबले.

"पुढं?" बाई म्हणाल्या.

"पुढं... इतक्यात लिफ्टचा दोर तुटला," मिस्त्री म्हणाले.

"कुठली लिफ्ट?"

"हॉस्पिटलची. मधला लिफ्टमधून चालला होता."

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. लिफ्ट सहाव्या मजल्यावरून सुटली, दोराचे धागे कसे एकेक करून उसवले, आवाज कसा आला, हे मिस्त्रींनी अगदी तपशीलवार वाचलं. वाचलं म्हणजे रचलं. मधला गेला, त्याची किल्ली लिफ्टखालच्या खड्ड्यातल्या तेलात गेली, आणि मिस्त्री भरपूर खोकून नर्सच्या पलीकडं, थेट पाठलागाच्या प्रकरणात जाऊन पोचले.

बाई दोन दिवस रडल्या. जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्या लेखिकेला लिफ्टमधलं किती कळतं हो!" मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आयुष्यभर कुणाच्याही घरी गेले, की चहाचा कप हातात घेऊन ते एकच गोष्ट सांगायचे: "लिफ्ट पडत नसते. दोर तुटला तरी खालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना पकडतात. माणूस अडकतो, मरत नाही." आणि आता एका नर्सच्या भीतीनं त्यांनी आपल्याच धंद्याला काळं फासलं होतं.

बरं, मारून सुटका व्हावी, तर तेही नाही. चौथ्या भागात मधला पानोपानी जेवत होता, हसत होता, भावंडांची समजूत काढत होता. मेलेल्या माणसाची एवढी वाक्यं टाकायची कुठं? मिस्त्रींनी ती भावंडांतल्या ताईच्या नवऱ्याच्या, म्हणजे घरच्या जावयाच्या तोंडी घातली. जावई आपला कोपऱ्यात बसून सुपारी कातरणारा माणूस, तो एका भागात कमालीचा शहाणा आणि मायाळू झाला. बाई आपल्या स्वतःच्या लेकीला फोनवर म्हणाल्या, "जावई असावा तर असा." लेकीच्या नवऱ्यानं ते मनाला लावून घेतलं, पण तो वेगळा विषय.

शेवटचा भाग लायब्ररीतून आणल्यावर मिस्त्रींनी तो आधी स्वयंपाकघरात उभ्यानं चाळला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्खा भाग मधल्याचा होता. चारशे बारा पानं, एकही पान त्याच्याशिवाय नव्हतं. नर्सशी लग्न त्याचं, कपाटाची पाचवी किल्ली त्याच्या गळ्यात, खुनाचा छडा लावणारा तोच. आणि खुनी होता जावई.

सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. पण सांगायचं काय? चार आठवड्यांची सोबतीण असलेल्या बाईला सांगायचं, की तू दोन दिवस उपाशी राहून ज्याच्यासाठी रडलीस तो मेलाच नव्हता, मला लाज वाटत होती म्हणून मी त्याला संपवला? आणि ज्याचे गोडवे गातेस तो खुनी आहे, त्याच्या तोंडची वाक्यं उसनी होती? मिस्त्रींनी पुस्तक काखेत मारलं, दोन वेळा घसा खाकरला आणि आत जाऊन मधल्याचं नाव 'पाहुणा' ठेवून दिलं. घरात एक पाहुणा आला आहे. कुठून आला, विचारायचं नाही.

पहिल्या दिवशी नर्स आली तशी मिस्त्रींनी सवयीनं खोकून आठ पानं उलटली. बाई म्हणाल्या, "भराभर सरतंय की. बरं झालं. मलाही आता फार वेळ नाहीये, संपलं की सुटले."

मिस्त्रींचा हात पुस्तकावर तसाच राहिला. ही बाई एकदा म्हणाली की तसं करते, हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं होतं. निवृत्तीच्या दिवशी शेवटचा कॉल जोडून झाल्याशिवाय तिनं कानावरचा हेडफोन काढला नव्हता, हार घेऊन साहेब तासभर ताटकळले होते. शेवटचं पान वाचलं की ही जाणार. मिस्त्रींनी आठही पानं मागं उलटली.

"चुकून पुढं गेलो," ते म्हणाले आणि वाचू लागले. "तुझा आवाज ऐकल्याशिवाय..." पुढं शब्द फुटेना. समोरच्या गॅलरीत शेजारीण चिमटे लावत होती. "...माझा दिवस उजाडत नाही, असं पाहुणा म्हणाला."

"पाहुणा म्हणाला हे सारखं सारखं नका सांगू," बाई म्हणाल्या. "कळतं मला."

त्या दिवसापासून मिस्त्रींनी एकही पान गाळलं नाही. उलट दहा दिवसांनी पानं कमी पडायला लागली, तेव्हा पदरची घालायला लागले. पुस्तकातला मधला नर्सला भेटायला तीनदा जातो, मिस्त्रींनी पाहुण्याला अकरा वेळा पाठवला. तिथं जाऊन बोलायचं काय, हा प्रश्न होता. मग पाहुणा नर्सला सांगू लागला, की पहिल्यांदा तुझा नुसता आवाज ऐकला होता, फोनवर. लिफ्टमध्ये चार माणसं अडकली होती आणि कंपनीचा नंबर लागत नव्हता, तेव्हा तू म्हणालीस, लाइन सोडू नका, मी आहे. पुढं तीन महिने काही अडकलं नसतानाही मी फोन करत होतो.

बाईंनी उशीवरची मान मिस्त्रींच्या बाजूला वळवली.

तीन आठवडे झाले, चार झाले, पाच झाले. बाईंच्या पायांवर सूज चढली, हात मात्र काटक्या झाले. कूस बदलायला दोन माणसं लागायची आणि घरात मिस्त्री एकटेच होते. दिवसातून तीनदा त्या इतक्या निपचित पडायच्या, की मिस्त्री त्यांच्या नाकापाशी हात धरून उभे राहायचे. पण दोन वाजले की म्हणायच्या, "चला, वाचा." डॉक्टर घरी येऊन तपासून गेले आणि म्हणाले, "नवं औषध लागू पडलेलं दिसतंय." मिस्त्रींनी मान डोलावली. ते औषध बाईंनी आठवड्याभरापूर्वीच थुंकून टाकलं होतं.

"फार लांबवलंय हो या लेखिकेनं," एके दिवशी बाई म्हणाल्या. बोलताना आता मधेच दम लागायचा. "पाहुणा तेच तेच बोलतो."

"आवडत नाही?"

"आवडतं. पण पाचव्या किल्लीचं काय? ती तर खड्ड्यात पडली. चार किल्ल्यांनी कपाट उघडायचं कसं? त्याचं ती नावच काढत नाही."

मिस्त्री म्हणाले, काढेल, पुढं काढेल. आणि पुढं काढलं ते लायब्ररीवाल्यानं. सहाव्या आठवड्यात तो स्वतः दारात येऊन उभा राहिला. माणूस भला, पण आवाज भोंग्याचा.

"अहो मिस्त्री, पुस्तक द्या! सतरा सभासद रांगेत आहेत. मधल्याचं लग्न लागून महिना झाला आणि त्यांना अजून पत्ता नाही!"

मिस्त्रींनी त्याच्या तोंडावर हात ठेवायचा तेवढा बाकी ठेवला. आतून क्षीण आवाज आला, "कुणाचं लग्न?"

"थोरल्याचं!" मिस्त्री ओरडले.

"त्याचं पहिल्याच भागात झालं ना?"

"हे दुसरं."

"थोरला तसला नाही," बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी दोन दिवसांची मुदत मागून लायब्ररीवाल्याला वाटेला लावलं. आत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचा घसा बसलाय. उद्या रविवार, लेक येईलच. शेवटचं प्रकरण तिला वाचू दे."

मिस्त्रींनी नाना सबबी सांगितल्या. लेक दमलेली असते. तिला चष्मा लागलाय. तिला अशी पुस्तकं आवडत नाहीत. बाई नुसतं "हं" म्हणाल्या, आणि त्यांचं "हं" म्हणजे जोडलेली लाइन तोडून टाकल्यासारखं असायचं.

रविवारी लेक आली. आईच्या उशाशी बसली, शेवटचं प्रकरण उघडलं आणि शाळेतल्या धड्यासारखं खणखणीत वाचू लागली. मिस्त्री स्वयंपाकघरात चहाच्या भांड्यासमोर उभे होते. पाचावर धारण बसली होती. आतून एकेक शब्द ऐकू येत होता. भावंडं कपाटापुढं उभी राहिली. चार किल्ल्या लागल्या. "मग मधल्यानं गळ्यातली किल्ली काढली," लेकीनं वाचलं.

"कुणी?" बाईंचा आवाज.

"मधल्यानं."

चहा उतू गेला. मिस्त्रींनी गॅस बंद केला नाही. कपाट उघडलं, आतली चिठ्ठी निघाली, जावयाचं नाव आलं, मधल्यानं त्याचा हात पकडला. लेकीनं शेवटचं वाक्य वाचून पुस्तक मिटलं. मग एक बारीक, तुटक तुटक आवाज यायला लागला. रडतेय, मिस्त्रींना वाटलं. ते धावत आत गेले. बाई हसत होत्या. हसायलाही अंगात बळ नव्हतं, खांदे तेवढे हलत होते.

"अहो, मधला जिवंत आहे!" त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. दोन दिवस रडले मी. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आपण रडतोय कशाला? हे चाळीस वर्षं सांगतायत की लिफ्ट पडत नसते. मग मी खरं कुणाचं मानायचं, त्या लेखिकेचं की तुमचं?"

मिस्त्रींनी कॉटचा दांडा धरला.

"आणि जावयावर माझा डोळा होताच. चौथ्या भागात अचानक इतका शहाणा कसा झाला? बोलतोय हा, पण शब्द दुसऱ्याचे, असं वाटायचं मला. असे लोक आम्ही एक्स्चेंजमध्ये लगेच ओळखायचो. मी मुद्दाम त्याचं कौतुक करायचे, तुम्हाला संशय येतो का ते पाहायला."

"आई, कुठली लिफ्ट?" लेकीनं विचारलं.

"तिसऱ्या भागातली गं."

"चहा घे," मिस्त्री लेकीला म्हणाले.

संध्याकाळी लेक गेली. बाईंनी अंगावरची चादर स्वतःच्या हातानं सारखी केली, हात पोटावर ठेवले आणि म्हणाल्या, "चला. झालं सगळं. आता मी मोकळी."

हे वाक्य त्यांनी इतक्या समाधानानं म्हटलं, की मिस्त्री घाईघाईनं कॉटपाशी आले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि नको तेच तोंडून गेलं. "तिसरा भाग परत वाचू या का? लिफ्टचा प्रसंग? तिनं आपल्याला फसवलं कसं ते तरी बघू."

बाईंनी थोडा विचार केला. "तेवढं बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मिस्त्री तिसरा भाग घेऊन बसले. ज्या पानावर लिफ्ट असायला हवी होती त्या पानावर मधला नर्सचा हात धरून बसला होता. मिस्त्रींनी आठवून आठवून सुरुवात केली. दोराचे धागे उसवू लागले.

"आधी दिवे गेले होते," बाईंनी दुरुस्त केलं. "मग दोर."

दिवे गेले. दोर तुटला. लिफ्ट सुटली. इथं मिस्त्री थांबले. गेल्या वेळी जे सहज जमलं होतं ते या वेळी त्यांच्यानं होईना. समोर त्या काटक्यांसारख्या हातांची जुडी पोटावर पडलेली होती.

"आणि जबड्यांनी रूळ पकडले," ते म्हणाले. "लिफ्ट थांबली. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे."

"गेल्या वेळी पडली होती."

"गेल्या वेळी मी चुकीचं वाचलं."

"किती पानं गाळली होतीत तेव्हा?"

"एकशेदहा."

"अगंबाई! मला साठेक वाटली होती. खोकला फार मोठा काढलात त्या दिवशी." मग म्हणाल्या, "मारलंत कशाला त्याला?"

"फार बोलायचा."

"आता तुम्हीही बोलता की," बाई म्हणाल्या. "बरं, अडकलाय ना तो? बाहेर काढा त्याला."

मिस्त्रींनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्याचा आता उपयोग नव्हता. "वर मशीनच्या खोलीत जावं लागतं," ते म्हणाले. "ब्रेक सोडायचा आणि मोठं चाक हातानं फिरवायचं. पण खाली आणायच्या आधी थोडं वर घ्यावं लागतं, त्याशिवाय जबडे सुटत नाहीत. मग बोटबोटभर खाली."

"वेळ लागतो?"

"खूप."

"नर्स कुठंय?"

"खाली, दाराबाहेर उभी आहे."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, घाई करू नका."

"आणि तो? आत अंधारात घाबरला असेल."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "वर चाकावर कोण आहे ते त्याला माहीत आहे."

चार दिवस मिस्त्री चाक फिरवत होते. दोन वाजले की बाई विचारायच्या, "दार उघडलं?" आणि मिस्त्री म्हणायचे, "अजून नाही, हातभर राहिलंय." पाचव्या दिवशी दोन वाजून गेले तरी बाईंनी विचारलं नाही. मिस्त्रींनी नाकापाशी हात धरला, मग तोच हात त्यांच्या हातावर ठेवला. समोरच्या गॅलरीत शेजारीण होती, खिडकी सताड उघडी होती. मिस्त्रींनी तीन वाजेपर्यंत मोठ्यानं बोलून मधल्याला खालपर्यंत आणलं आणि दार उघडलं.

महिन्याभरानं लेक आली ती तिसरा भाग हातात घेऊन. आईला शेवटी हसवलं तो प्रसंग तिला एकदा वाचायचा होता.

"बाबा, तीन वेळा वाचलं मी हे," ती म्हणाली. "यात लिफ्ट कुठंच नाहीये."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू पानं दोन-दोन उलटत असशील," ते म्हणाले.